टायरच्या अंगावरची बाराखडी : हवल्लीच्या उन्हात शिकण्यासारखी गोष्ट



आपल्या अंकात सणांची माहिती येते, कोकणातल्या सिनेगॉगच्या आठवणी येतात, मल्लिद्याची रीत येते. या वेळी विषय जरा वेगळा आहे. टायर. कोणी म्हणेल, हा काय समाजाच्या पत्रिकेचा विषय झाला? पण विचार करा. शुक्रवारी दुपारी शब्बाथ लागायच्या आत घरी पोचायचं म्हणून दिमोनाहून अश्दोदला, लोदहून बेरशेबाला आपल्याच घरच्या गाड्या पळत असतात. मुलं सैन्यातून सुट्टीवर येतात ती मित्राच्या जुन्या गाडीतून. गाडी आणि रस्ता यांच्यामध्ये असतात ते फक्त चार टायर, आणि प्रत्येक टायर रस्त्याला टेकतो तो जेमतेम आपल्या पंजाएवढ्या जागेवर. चार पंजांवर सगळं कुटुंब. म्हणून हा विषय.

दुसरं कारण शब्दाचं. आपण मराठीत पंक्चर म्हणतो. इथे हिब्रूत पंचर म्हणतात आणि ते काढणाऱ्याच्या दुकानाला पंचरिया. आणि तिकडे कुवेतमध्ये रस्त्याकडेला पाटी असते ती 'बंशर' अशी. अरबीत प आणि च ही अक्षरं नाहीत, म्हणून पंक्चरचं झालं बंशर. टायरलासुद्धा तिकडचे लोक तायरच म्हणतात. इंग्रजांनी एक शब्द दिला आणि मुंबई, तेल अवीव, कुवेत तिघांनी तो आपापल्या जिभेला बसवून घेतला. आपल्या स्टेपनीची गंमत तर आणखी पुढची. १९०४ च्या सुमारास वेल्समधल्या लनेली गावात स्टेपनी नावाच्या रस्त्यावर जादा चाक बनवणारा कारखाना निघाला. इंग्लंडमध्ये ते नाव आता फारसं कोणी घेत नाही, पण आपल्या मुंबईच्या टॅक्सीवाल्याच्या तोंडी ते पक्कं बसलं आहे.

हवल्लीची गोष्ट

ज्या गावावरून हा लेख सुचला ते हवल्ली. कुवेत शहराला लागून, चौथ्या रिंग रोडच्या उत्तरेला वसलेली दाट वस्ती. तिथे एके काळी गोड पाण्याची विहीर लागली, त्यावरून हे नाव पडलं असं सांगतात. १९९० पूर्वी तिथे पॅलेस्टिनी लोकांची मोठी वस्ती होती, १९९१ च्या युद्धानंतर ते बहुतेक गेले. आता इजिप्तचे, सिरियाचे, भारताचे, फिलिपीन्सचे लोक राहतात. तुनिस स्ट्रीट, बैरूत स्ट्रीट, इब्न खलदून स्ट्रीट ही तिथली गजबजलेली नावं. आपल्या कोकणातली रत्नागिरी-रायगडकडची मुसलमान मंडळी तर कुवेतला पिढ्यान् पिढ्या जात आली आहेत. १९६१ साली कुवेती दिनार आला, त्याआधी तिथे आपला रुपया चालत होता हे तरुणांना सांगितलं तर खरं वाटत नाही. आपल्याला इस्रायली पासपोर्टवर तिथे पाऊल ठेवता येत नाही, पण कोकणातल्या जुन्या शेजाऱ्यांकडून तिथल्या गोष्टी कानावर येत राहतात.

गेल्या खेपेस मुरूड-अलिबागकडे गेलो होतो तेव्हा शेजारच्या घरातला मुलगा हवल्लीहून रजेवर आलेला भेटला. याच्या आजोबांच्या मांडीवर बसून मी लहानपणी फणस खाल्लेला. तो तिथे एसी दुरुस्तीचं काम करतो, त्यासाठी जुनी गाडी घेतली होती. सांगत होता, "चाचा, गाडी घेतली तेव्हा टायर बघितले ना, नक्षी एकदम खोल, नव्यासारखे चकचकीत. विकणारा म्हणाला, टायरची चिंता नको. ऑगस्टमध्ये फाहाहीलच्या रस्त्यावर शंभरच्या वेगात होतो, मागून धडधड आवाज यायला लागला. बाजूला घेईपर्यंत मागच्या टायरचं वरचं कातडं सोलून निघालं, नुसती आतली तार दिसत होती. मागे गाडी नव्हती म्हणून वाचलो."

मी विचारलं, "अरे, तारीख बघितली होतीस का?"

तो म्हणाला, "कसली तारीख? टायरवर तारीख असते?"

नंतर बंशरवाल्या केरळी माणसाने त्याला दाखवलं. टायरला नऊ वर्षं होऊन गेली होती. गाडी बहुतेक वेळ उघड्या मैदानात उन्हात उभी राहिलेली, फिरलेली कमी. म्हणून नक्षी झिजली नव्हती, पण रबर आतून मेलेलं. त्याने मोबाईलवर फोटो दाखवले. टायरच्या बाजूवर सगळं स्पष्ट लिहिलेलं होतं. वाचणारा नव्हता, एवढंच.

ते वाचायचं कसं, तेच आता पाहू. चष्मा लावा आणि आपल्या गाडीजवळ जा. अक्षरं रोमन लिपीत असतात, मी त्यांचे उच्चार मराठीत देतो.

मापाची ओळ

सगळ्यात ठळक ओळ मापाची. उदाहरणादाखल घेऊ : २०५/५५ आर १६ ९१ व्ही. मध्यम आकाराच्या पुष्कळ गाड्यांना हे माप असतं.

२०५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ५५ म्हणजे टायरच्या बाजूची उंची रुंदीच्या किती टक्के आहे ते. २०५ चे ५५ टक्के म्हणजे सुमारे ११३ मिलिमीटर. हा आकडा जितका लहान तितकी बाजू बुटकी. बुटका टायर दिसायला ऐटदार, वळणावर घट्ट, पण खड्ड्यात आणि फुटपाथच्या कडेला रीम लवकर वाकते. 'आर' म्हणजे रेडियल, आतले धागे मध्यापासून बाहेर आरपार घातलेले. हल्ली मोटारींचे जवळजवळ सगळे टायर रेडियलच असतात. १६ म्हणजे रीमचा व्यास, इंचांत. एकाच ओळीत मिलिमीटर, टक्के आणि इंच अशी तिन्ही मापं एकत्र नांदतात, त्यामुळे लोक गोंधळतात.

मापाच्या आधी 'पी' असेल तर अमेरिकी पद्धतीचा प्रवासी गाडीचा टायर. 'एलटी' असेल तर हलक्या ट्रकचा. मापाच्या मागे 'सी' असेल तर मालवाहू व्हॅनचा. व्हॅनला साधे मोटारीचे टायर बसवून माल भरायचा हा प्रकार फार धोक्याचा, कारण माप जुळलं तरी ताकद जुळत नाही.

इथे इस्रायलमध्ये एक सोय आहे. गाडीच्या लायसनच्या कागदावर पुढच्या आणि मागच्या टायरचं माप छापलेलं असतं. टायर घ्यायला जाताना तो कागद बरोबर न्या. दुकानदार म्हणाला, "हेच बसेल, चालतं," तर कागद पुढे करायचा.

वजन आणि वेग

मापानंतरचा आकडा, आपल्या उदाहरणात ९१, हा वजनाचा. पण ९१ किलो नव्हे. त्याचा एक ठरलेला तक्ता आहे. ८२ म्हणजे ४७५ किलो, ८८ म्हणजे ५६० किलो, ९१ म्हणजे ६१५ किलो, ९४ म्हणजे ६७० किलो, १०० म्हणजे ८०० किलो. हे एका टायरचं वजन, तेही हवा पुरेशी भरलेली असेल तरच. बाजूला 'एक्स्ट्रा लोड' किंवा 'एक्सएल' लिहिलं असेल तर तो टायर जास्त दाबाची हवा भरून जास्त वजन पेलण्यासाठी मजबूत केलेला असतो.

शेवटचं अक्षर वेगाचं. क्यू १६०, एस १८०, टी १९०, एच २१०, व्ही २४०, डब्ल्यू २७०, वाय ३०० किलोमीटर. यात एच आपल्या क्रमाने बसत नाही, टीनंतर यू २०० आणि मग एच २१०. जुन्या काळापासून तसंच चालत आलं आहे.

आता कोणी म्हणेल, कुवेतच्या हायवेवर मर्यादा १२० ची, आपल्याकडे तर त्याहून कमी. मग २४० चा टायर कशाला? इथेच खरी गोम आहे. टायर मरतो तो वेगाने नव्हे, उष्णतेने. चाक फिरताना टायर रस्त्याला टेकतो तिथे दबतो आणि पुन्हा उसळतो. आपल्या २०५/५५ आर १६ टायरचा घेर साधारण दोन मीटर. म्हणजे १०० किलोमीटर जायचं तर तो पन्नास हजार वेळा दबतो आणि उसळतो. एखादी तार हाताने वाकवून सरळ करत राहिलं की ती गरम होते, तसंच रबरही आतून तापतं. वेग जास्त, वजन जास्त, हवा कमी, बाहेर ऊन जास्त, या चारांपैकी काहीही वाढलं की टायर तापतो. म्हणून वेगाचं अक्षर म्हणजे एका अर्थाने टायर किती ताप सोसेल त्याची पावती. कंपनीने गाडीला जे अक्षर ठरवलं आहे त्याच्या खालचं अक्षर स्वस्तात मिळतं म्हणून घेऊ नका.

ताप सोसण्याची अ-ब-क

पुष्कळ टायरांवर आणखी तीन शब्द बारीक अक्षरांत असतात. ही अमेरिकी सरकारने ठरवलेली प्रतवारी, पण ती खाडीतल्या आणि आपल्या बाजारातल्या बऱ्याच टायरांवर दिसते.

पहिला 'ट्रेडवेअर', म्हणजे झिजण्याचा आकडा. ठरवून दिलेल्या एका टायरला १०० धरलं, त्याच्या तुलनेत २०० म्हणजे चाचणीत दुप्पट टिकला. ४०० म्हणजे चौपट. पण एका कंपनीचा ४०० आणि दुसरीचा ४०० सारखेच असतील असं समजू नका, कारण आकडा कंपनीच देते.

दुसरा 'ट्रॅक्शन', म्हणजे ओल्या रस्त्यावर सरळ ब्रेक मारला तर किती पकड. एए, ए, बी, सी असे चार वर्ग. पहिल्या पावसात इथले रस्ते तेलकट होतात तेव्हा हे अक्षर उपयोगी पडतं.

तिसरा 'टेंपरेचर', आणि हवल्लीसाठी हाच सगळ्यात महत्त्वाचा. ए, बी, सी असे तीनच वर्ग. ए म्हणजे प्रयोगशाळेत तासाला १८४ किलोमीटरच्या वर पळवूनही टायर तापून बिघडला नाही. बी म्हणजे १६० ते १८४. सी म्हणजे १३७ ते १६०, आणि अमेरिकेच्या कायद्यात एवढं तरी लागतंच. हे सगळं हवा बरोबर आणि वजन मर्यादेत असतानाचं आहे. हवा कमी असली की ए चा सुद्धा सी व्हायला वेळ लागत नाही.

कुवेतचं ऊन म्हणजे काय हे आकड्यांनी सांगतो. २१ जुलै २०१६ ला कुवेतमधल्या मित्रिबा इथे ५३.९ अंश तापमान नोंदलं गेलं, आणि जागतिक हवामान संघटनेने तपासून ते मान्य केलं. हे सावलीतलं. उन्हातल्या डांबराचं तापमान सत्तर अंशांच्या आसपास जातं. आपणही फार मागे नाही. २०१९ च्या जुलैत मृत समुद्राकाठी सदोमला जवळजवळ ५० अंश झाले होते. एलातच्या सहलीला जाणाऱ्यांनी, अरावाच्या रस्त्यावर एसी लावून पाठीमागे सामान आणि पाच माणसं घेऊन जाणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

जन्मतारीख

आता त्या मुलाने न बघितलेली तारीख. टायरच्या बाजूवर 'डीओटी' अशी तीन अक्षरं शोधा. ही अमेरिकेच्या वाहतूक खात्याची खूण. त्यानंतर अक्षरं आणि आकड्यांची एक माळ असते. सुरुवातीची दोन अक्षरं (हल्लीच्या टायरांवर तीन) कोणत्या कारखान्यात टायर बनला त्याची. शेवटचे चार आकडे जन्मतारखेचे. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. २४१९ असेल तर २०१९ सालचा चोविसावा आठवडा, म्हणजे जूनचा मध्य. चाराऐवजी तीनच आकडे असतील तर टायर २००० सालापूर्वीचा समजा आणि दुकानातून उठून या.

बऱ्याचदा पूर्ण माळ टायरच्या एकाच बाजूला असते आणि ती बाजू गाडीच्या आतल्या अंगाला गेलेली असते. बाहेरून तारीख दिसली नाही तर चाक वळवून किंवा गाडी वर घेतल्यावर आतून बघा. "तारीख नाहीच," हे उत्तर मान्य करू नका.

किती वर्षं चालतो? याला एकच उत्तर नाही. मिशेलिनसारखी कंपनी सांगते, पाच वर्षांनंतर दर वर्षी जाणकाराकडून तपासून घ्या आणि दहा वर्षांनंतर टायर चांगला दिसला तरी बदला. काही मोटार कंपन्या सहा वर्षांनीच बदला म्हणतात. हे साधारण हवेतलं. उन्हात उभ्या राहणाऱ्या गाडीला त्याच्या आतलाच हिशोब धरावा. रबरात हवेतला प्राणवायू मुरतो आणि ते कडक होत जातं, उष्णतेत हे काम जलद होतं. रबर टिकावं म्हणून त्यात मेणासारखे पदार्थ घालतात. टायर फिरत राहिला की ते पृष्ठभागावर येत राहतात. गाडी उभीच असेल तर येत नाहीत आणि बाजूला बारीक भेगा पडतात. म्हणून आजोबांची 'फक्त शब्बाथनंतर बाहेर निघणारी' गाडी टायरच्या बाबतीत नेहमी वापरातल्या गाडीपेक्षा जास्त संशयाची. स्टेपनीचंही तसंच. दहा वर्षं डिकीत पडलेली स्टेपनी 'एकदाही वापरली नाही' म्हणून नवी होत नाही.

फायरस्टोनचं प्रकरण

या बारीक अक्षरांनी माणसांचे प्राण कसे वाचतात याचं मोठं उदाहरण खाडीच्या उन्हातूनच सुरू झालं. आपल्या मुंबईकर मंडळींना शिवडीचा फायरस्टोनचा कारखाना आठवत असेल. त्याच अमेरिकी कंपनीचे टायर फोर्डच्या एक्सप्लोरर नावाच्या मोठ्या गाडीला बसवले जात. १९९० च्या दशकाच्या अखेरीस टायरचं वरचं कातडं वेगळं होऊन गाड्या उलटू लागल्या. उष्ण देशांतून तक्रारी आधी आल्या. १९९९ साली फोर्डने सौदी अरेबियात आणि पुढे खाडीतल्या शेजारच्या देशांत हे टायर बदलून द्यायला सुरुवात केली. अमेरिकेत मात्र टायर परत बोलावले गेले ते ९ ऑगस्ट २००० ला, ६५ लाख टायर. तोवर आणि त्यानंतर मिळून अमेरिकेत अडीचशेहून जास्त माणसं या अपघातांत गेली.

तेव्हा लाखो लोकांनी पहिल्यांदाच गाडीजवळ वाकून टायर वाचले. माप पी २३५/७५ आर १५ आहे का? नाव एटीएक्स की विल्डरनेस? आणि विल्डरनेस असेल तर डीओटीनंतर 'व्हीडी' आहे का? व्हीडी ही इलिनॉय राज्यातल्या डिकेटर कारखान्याची खूण होती आणि त्या जातीचे तिथे बनलेले टायर परत घेतले जात होते. दोन अक्षरांवरून घरच्या लोकांना कळत होतं, या गाडीत मुलांना बसवायचं की नाही.

त्या प्रकरणात हवेचाही वाद झाला. फोर्डने २६ पौंड हवा सांगितली होती, टायर कंपनीचं म्हणणं ३० हवी. चार पौंडांचा फरक ऐकायला काहीच वाटत नाही, पण उन्हात, भरलेल्या गाडीत, हायवेवर तोच फरक उष्णता वाढवतो. पुढे अमेरिकेत त्याच वर्षी नवा कायदा झाला, आणि हल्लीच्या गाड्यांत हवा कमी झाली की दिवा लागतो तो त्याच कायद्याच्या मागून आला.

हवेचा आकडा वाचताना

टायरवर 'मॅक्स प्रेशर' म्हणून आकडा असतो, समजा ४४ किंवा ५१ पीएसआय. पुष्कळ लोक पंपावर तोच आकडा लावतात. तो टायरची कमाल मर्यादा आहे, तुमच्या गाडीची हवा नव्हे. गाडीची हवा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या कागदावर असते, पुढची वेगळी, मागची वेगळी, सामान भरल्यावरची आणखी वेगळी.

हवा थंड टायरवर मोजायची, म्हणजे गाडी काही तास उभी असताना, सकाळी. तापमान साडेपाच अंश वाढलं की हवेचा दाब साधारण एक पौंड वाढतो. दुपारी एलातहून येताना मोजली तर आकडा जास्तच दिसणार. तेव्हा "जास्त झाली" म्हणून हवा काढली तर रात्री गार झाल्यावर ती कमी पडते, आणि दुसऱ्या दिवशी टायर आणखी तापतो. उन्हाळ्यात हवा कमी ठेवावी हा समज आपल्याकडे आणि हवल्लीतही सारखाच पसरलेला आहे. तो उलटा आहे. कमी हवेचा टायर जास्त दबतो, जास्त दबला की जास्त तापतो.

बाकीच्या खुणा

गोलात 'ई' आणि आकडा असेल तर युरोपच्या नियमांप्रमाणे मंजुरी. आकडा मंजुरी देणाऱ्या देशाचा. ई १ जर्मनी, ई २ फ्रान्स, ई ३ इटली, ई ४ नेदरलँड. भारतात बनलेल्या टायरवर आयएसआयची खूण बघायला मिळेल.

'एम प्लस एस' म्हणजे चिखल आणि बर्फ. डोंगराच्या तीन शिखरांत हिमकण असं चित्र असेल तर खरा हिवाळी टायर. त्याचं रबर थंडीसाठी मऊ केलेलं असतं. युरोपातून आलेल्या जुन्या गाडीवर असे टायर आले तर उन्हाळ्यात ते बदलणंच शहाणपणाचं.

'रोटेशन' आणि बाण असेल तर चाक त्याच दिशेने फिरायला हवं. 'आउटसाइड' असेल तर ती बाजू बाहेर. 'ट्यूबलेस' म्हणजे आत ट्यूब नाही. 'रीट्रेड' लिहिलं असेल तर जुन्या अंगावर नवं कातडं चढवलेलं.

नक्षीच्या खाचांमध्ये मधूनमधून बारीक उंचवटे असतात. बाजूला 'टीडब्ल्यूआय' किंवा त्रिकोण असेल, त्याच्या सरळ रेषेत वर बघा. नक्षी झिजून त्या उंचवट्यांना भिडली म्हणजे फक्त १.६ मिलिमीटर राहिली. युरोपात मोटारीसाठी ही शेवटची मर्यादा. पावसात त्याच्या आधीच बदललेला बरा.

वाचून उरलेलं हाताने तपासा. बाजूला फुगवटा दिसला म्हणजे आतले धागे तुटले. त्याला पंचरियात इलाज नाही, टायरच बदलायचा. बाजूवरचं पंक्चर सुद्धा कोणी जोडून देतो म्हणाला तर नको म्हणा. बाजू सतत वाकत असते, तिथे ठिगळ टिकत नाही.

आपल्या मुलखातली आणि आपल्या नव्या देशातली

हे काही फक्त खाडीचं दुखणं नाही. महाराष्ट्रात नागपूर-मुंबई समृद्धी महामार्गाचा पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला. सिमेंटचा सरळ रस्ता, १२० ची मर्यादा, विदर्भ-मराठवाड्याचा उन्हाळा, आणि त्यावर गावातल्या रस्त्यांवर चालवायचे जुने टायर. टायर फुटून अपघात होऊ लागले तेव्हा २०२३ मध्ये आरटीओच्या लोकांनी महामार्गावर टायर तपासून झिजलेल्या टायरांच्या गाड्या मागे फिरवल्या. आपल्यापैकी बरेच जण सुट्टीत मुंबईहून गाडी भाड्याने घेऊन औरंगाबादला (आता छत्रपती संभाजीनगर) लेणी बघायला जातात. ड्रायव्हरला "भाऊ, टायर कधीचे आहेत?" असं विचारायला लाजू नका. वाईट वाटलं तर वाटू द्या.

टायरच्या धंद्यातही दोन्ही देशांची गाठ पडलेली आहे. हादेरा गावातला अलायन्स टायरचा कारखाना १९५० च्या दशकातला. शेतीच्या टायरांसाठी नाव मिळवलेली ही कंपनी २००७ साली भारतीय उद्योजकाने घेतली आणि तिचे नवे कारखाने तमिळनाडू आणि गुजरातेत निघाले. २०१६ मध्ये ती जपानच्या योकोहामाकडे गेली.

आणि जुने टायर शेवटी जातात कुठे? कुवेतमध्ये ते वर्षानुवर्षं वाळवंटात फेकले जात होते. २०१२ च्या एप्रिलमध्ये जहराजवळ अशा ढिगाला मोठी आग लागली आणि काळा धूर शहरावर आला. २०२१ मध्ये सरकारने तो ढीग हलवून सौदी सीमेजवळच्या साल्मीकडे नेला, म्हणजे मोकळ्या जागी घरं बांधता येतील. त्या वेळी आकडा सांगितला गेला ४ कोटी २० लाखांहून जास्त टायर. तिथे आता ते चिरून त्यांचा भुगा करून फरशा वगैरे बनवायचं काम सुरू झालं.

गाडीजवळ जाताना

शेवटी थोडक्यात, कापून फ्रीजवर लावायला :

१. नवा टायर घेताना पैसे द्यायच्या आधी डीओटीचे शेवटचे चार आकडे स्वतः वाचा. चारही टायरांचे वाचा, एकाचे नाही.

२. माप, वजनाचा आकडा आणि वेगाचं अक्षर लायसनशी आणि दाराच्या कागदाशी जुळवा.

३. गरम प्रदेशात 'टेंपरेचर' पुढे ए बघून घ्या.

४. जुनी गाडी घेताना इंजिनाआधी टायरची तारीख विचारा. नक्षी खोल आहे म्हणून समाधान मानू नका.

५. महिन्यातून एकदा, सकाळी, थंड टायरची हवा मोजा. स्टेपनीचीही.

६. फुगवटा, भेगा, उघडी तार दिसली की त्या गाडीने लांबचा प्रवास नाही.

आपल्या तरुणांनी हे काम घरातल्या म्हाताऱ्यांच्या गाडीचं करून द्यावं. अक्षरं बारीक असतात, वाकायला लागतं, आणि आजोबा सांगणार नाहीत. नातवाने पाच मिनिटं खाली बसून चार टायरांच्या तारखा कागदावर लिहून ठेवल्या तर आजी त्याला चहाबरोबर चिकाचा हलवासुद्धा देईल. गावाबाहेर निघताना तफिल्लात हादेरेख म्हणायची आपली रीत आहे ती म्हणावीच. निघण्याआधी गाडीभोवती एक फेरी मारून टायर बघितले, तर त्याने प्रार्थनेला काही कमीपणा येत नाही.